आजीच्या नावावर खपवलेलं कडवं

१२ ऑगस्ट, सोमवार. श्रावणी सोमवार, त्यामुळे शाळा अर्धा दिवस. मी शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. मस्टर बंद करून साडेबाराला घरी आले आणि इस्त्री लावली. अकरा शिवलेल्या नऊवाऱ्या करायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठाण्यात, कोपरीच्या एका हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. डोंबिवलीतल्या आम्हा अकराजणींचा गट आहे. ज्यांच्याकडे मंगळागौर असते त्यांच्याकडे जाऊन आम्ही झिम्मा, फुगड्या, गाणी असे दीड-दोन तास खेळ करतो. गटात मी व्यवस्था बघते. कोणी कुठे उभं राहायचं, गजरे कोण आणणार, कोणाचा गुडघा आज धड आहे, हे सगळं माझ्याकडे. गाताना मी मागच्या रांगेत, पुढचीने म्हटलेली ओळ परत म्हणणाऱ्यांत.

इस्त्री करताना हात चालतो आणि डोकं मोकळं राहतं. त्या दुपारी ते मोकळं नसतं तर बरं झालं असतं. माझ्या धाकट्या भावाची, विनूची बायको शुभा गावाहून निघाली होती. ठाण्यातल्या एका महिला मंडळाने तिला बुधवारी तिची स्वतःची गाणी म्हणायला बोलावलं होतं. खास गावाहून. मी सत्तावीस वर्षं इथे आहे, मला कोणी शेजारच्या बिल्डिंगमध्येही गायला बोलावलेलं नाही.

देवरुखजवळच्या आमच्या गावातून मी निघाले ती लग्नानंतर चौथ्या दिवशी, सकाळच्या एसटीने. बरोबर नवरा, एक ट्रंक, तांदळाचं पोतं आणि कोकमाची बरणी. सगळं घर फाट्यावर आलं होतं. आजी तेवढी आली नव्हती. तिला चालवत नव्हतं, आणि चालवत असतं तरी आली असती असं नाही. आई एसटीच्या खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "मागे वळून बघत बसू नको. गाडी लागते तुला." मला खरंच गाडी लागायची. मी समोर बसलेल्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिले, आणि ती सवय पुढे बरीच वर्षं पुरली.

डोंबिवलीत आल्यावर शेजारच्या काकू घेतील ती भाजी मी घेतली. त्या ज्या दुकानात रेशन भरायच्या तिथेच भरलं. मुलाला त्यांच्या मुलाच्या शाळेत घातलं. पाडव्याच्या शोभायात्रेत पहिल्या वर्षी साडी कुठल्या रंगाची नेसायची, हेही त्यांना विचारून. यात वाईट काही झालं नाही. संसार नीट झाला, मुलगा नोकरीला लागला, ऑफिसात माझ्याशिवाय पान हलत नाही. पण गावी गेलं की कोणीतरी म्हणतंच, "एवढ्या लांब जाऊन राहिलीस, हिंमत हो तुझी!" मी मान डोलावते. खरं सांगायचं तर मला कोणी विचारलं नव्हतं. ठरलं, निघाले. न विचारता पाठवलेल्या माणसाला हिंमत लागत नाही, फक्त ट्रंक लागते. गावाकडच्यांना वाटतं की बाहेर पडलेला माणूस आपोआप धीट होतो. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना मनातून माहीत असतं की तसं काही नसतं.

मी गेल्यावर दोन वर्षांनी शुभा आमच्या घरात आली. ती कराडकडची, घाट उतरून आलेली. म्हणजे तीही आपलं घर सोडूनच आलेली. हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. मला वाटायचं, घर सोडलेली मी एकटी. शुभा म्हणजे माझ्या जागेवर येऊन बसलेली. फोन केला की आई सांगायची, "शुभाने आज कुळथाची पिठी केली. तुझ्यापेक्षा पातळ करते, बरी लागते." कराडच्या बाईने माझ्या आईला पिठी करून घालायची आणि ती बरी लागायची! मी इकडे फोनवर "हो का, छान" म्हणायचे आणि त्या रात्री भाजीत मीठ जास्त पडायचं.

मला शुभाचा हेवा वाटतो. वाटायचा असं नाही, वाटतो. पिठीचा वाटायचा तो पुढे बारीकसारीक झाला, कारण शुभा गाणी करायला लागली. कोणाकडे शिकली नाही. गावच्या शाळेत हळदीकुंकवाला उभी राहिली आणि स्वतः केलेलं फुगडीचं गाणं म्हटलं. भावाने ते फोनवर रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकलं. मी ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. आवाज बारीक करून ऐकलं.

उंच माझी नणंद गं, उंच तिची खुंटी
हात माझा पुरेना, उडी मारू किती?

नणंद म्हणजे मी. पाच फूट सात इंच. स्वयंपाकघराच्या दाराशी मी माझ्या हाताला येईल अशी खुंटी ठोकून घेतली होती, परसातून येताना पिशवी, फडकं अडकवायला. शुभा जेमतेम पाच फूट. ती खुंटी कोणी खाली घेतली नाही, आणि नव्या सुनेने 'खाली घ्या' म्हटलं नाही. रोज उडी मारून अडकवायची. आणि त्या उडीचं तिने गाणं केलं. चार कडवी. चौथं असं:

नणंद गेली परगावी, खुंटी राहिली भिंती
उड्या मारता मारता गं सरली माझी भीती!

ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या, मीही पाठवल्या. मग बिघडलेल्या एका फॉर्मच्या पाठीवर तिथल्या तिथे मी दोन ओळी लिहिल्या, वाचल्या, फाडल्या आणि तुकडे दोन वेगवेगळ्या डब्यांत टाकले. अशा ओळी मी किती वर्षं लिहितेय ते सांगत नाही. एकही कोणाला दाखवलेली नव्हती. कोणी हसलं तर? त्याहून वाईट म्हणजे कोणी नुसतंच "छान" म्हटलं तर?

गाणी फोनवरून कशी फिरतात ते सगळ्यांना माहीत आहे. गेल्या श्रावणात आमच्या गटाची मुख्य गाणारी मीनल फोन नाचवत माझ्याकडे आली. फोनवर ठाण्याच्या दुसऱ्याच एका गटातल्या बायका शुभाचं गाणं म्हणत होत्या. "अगं संध्या, हे ऐक! काय जबरी जुनं गाणं सापडलंय. कोकणातलं आहे म्हणे. तुमच्याकडे म्हणतात का गं?"

आमच्या कामात 'पारंपरिक' या शब्दाला फार मान. आजी-पणजीचं गाणं म्हटलं की बायका पदर सावरून बसतात. तेच गाणं कोणा जिवंत बाईने बसून लिहिलंय म्हटलं, की लगेच "हो का?" मला एवढंच म्हणायचं होतं: हे माझ्या वहिनीचं. तीन शब्द. त्याऐवजी मी म्हटलं, "हो तर. आमची आजी म्हणायची."

मीनल खूश. "चारच कडवी आहेत? अजून नाही आठवत?"

"पाचवं आहे. आठवून सांगते."

आणि दुसऱ्या दिवशी मी तिला फाडलेल्या त्या दोन ओळी सांगितल्या.

परगावी गं नणंदेला खुंटीच दिसेना
हातातली पिशवी गं खाली ठेववेना

म्हणजे वहिनीचं गाणं मी आजीला देऊन टाकलं, आणि माझं कडवंही तिच्याच पदरात घातलं. आवडलं तर आजीचं, नाही आवडलं तरी आजीचं. आजी वारून वीसेक वर्षं झालेली. ती काही डोंबिवलीत येऊन नाही म्हणणार नव्हती. असं बिनधोक काम मला फार छान जमतं.

गाणं तुफान चाललं. शहाडच्या एका कार्यक्रमात पाचव्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. एक नंतर माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या आजी कसल्या हुशार हो! शिकलेल्या होत्या का?" मी मागच्या रांगेतून उतरले तेव्हा मला माझ्या स्वतःच्या आजीचा हेवा वाटत होता. तिने आयुष्यात एक ओळ केली नव्हती, आणि मान सगळा तिला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी सातव्या नऊवारीवर होते तेव्हा बेल वाजली. शुभा. ठाण्याला उतरून एकटीच विचारत विचारत आली होती. "तुम्ही कशाला धावपळ करताय ताई, मी येते की," असं आधीच फोनवर सांगितलेलं. पिशवीतून तिने आईने पाठवलेली आमसुलं काढली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "संध्याकाळी मला नुसता वरणभात चालेल हं. दुसरं काही करू नका." मला वाटलं, गायिका झाल्या, पथ्य आलं.

पाच वाजता आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीत शेवटची तालीम होती. शुभाला घरी बसवायला मी तीन कारणं काढली: दमली असशील, वर उकडतं, बायका फार बोलतात. ती म्हणाली, "बोलू देत की." आणि चप्पल घालून तयार.

मी मीनलशी ओळख करून दिली, "माझी भावजय." एवढीच. मीनलने नेहमीप्रमाणे दोन फुगड्या घेतल्या, मग तालमीतही ती माईक धरल्यासारखी मूठ तोंडासमोर धरते तशी धरली आणि म्हणाली, "आणि आता आपल्या संध्याच्या आजींचं गाणं! पारंपरिक, कोकणातलं!"

मी मागच्या रांगेत होते. शुभा भिंतीशी खुर्चीवर. पहिल्या ओळीला ती हसली, ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण हसतो तशी. दुसऱ्या कडव्याला तिने माझ्याकडे बघितलं. चौथ्याला ती खाली बघत होती. पाचवं सुरू झालं तशी तिने मान वर केली आणि मग शेवटपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.

"कसं वाटलं वहिनी?" मीनलने तिला विचारलं. "तुमच्या घरातलंच ना हे? तुम्हाला तर पाठ असेल!"

"पाठ आहे," शुभा म्हणाली.

घरी येऊन मी कुकर लावला. ती ओट्याशी उभी राहून लसूण सोलायला लागली. चार पाकळ्या झाल्यावर म्हणाली, "ताई, आजी कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे?"

"तुमच्या आजोळच्या का घरातल्या? कारण घरातल्या आजींना मी चार वर्षं अंघोळ घातली. त्या गाणी म्हणायच्या नाहीत. शिव्या द्यायच्या. छान द्यायच्या, पण शिव्याच."

मला हसू फुटलं. ती हसली नाही. मग मी गॅस बारीक केला आणि सगळं सांगितलं, गेल्या श्रावणापासून. माफी वगैरे मागायला मला जमत नाही. जे झालं ते क्रमाने सांगितलं, ऑफिसात सांगते तसं.

तिने लसूण संपवला. "माझं गाणं घेतलंत त्याचा राग आलाच आहे. तो राहू दे. पण पाचवं कडवं माझं नाही. आजींचंही नाही. ते तुमचं आहे ना?"

"हो."

"मग ते मेलेल्या माणसाच्या नावावर कशाला टाकलंत?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. "भीती वाटते गं. तुला नाही वाटत, तुझं वेगळं आहे. तू तर गाण्यातच म्हटलंयस, भीती सरली."

"ते खोटंय!" ती म्हणाली. "भिंतीला भीती जुळलं म्हणून घातलं. सरतेय कुठे? त्या हळदीकुंकवाला मी आधी शाळेच्या मागे जाऊन ओकले. तोंड धुतलं, पदर नीट केला आणि येऊन म्हटलं. ते विनूने रेकॉर्ड नाही केलं. आणि आता हे ठाण्याचं बोलावणं आल्यापासून आठ दिवस पोट बिघडलंय. उगीच का वरणभात मागितला?"

कुकरची शिट्टी झाली. मी इतकी वर्षं शुभाच्या ज्या धीटपणाचा हेवा करत होते, तो तिच्याकडे नव्हताच. माझ्याइतकीच भीती तिच्या पोटात होती. फरक इतकाच, की ती त्या पोटासकट उभी राहिली आणि मी आजीला उभं केलं. हे कळल्यावर हेवा कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. देवाने तिला धीट केलंय म्हटलं असतं तर माझी सोय झाली असती. आता तीही सोय गेली.

जेवताना ती म्हणाली, "उद्या मी येत नाही कोपरीला. घरीच थांबते. परत ते 'आजींचं' म्हणून मला ऐकवणार नाही."

मी बरं म्हटलं आणि उरलेल्या चार नऊवाऱ्यांना इस्त्री केली.

घर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर अजून ते गावचं स्वयंपाकघर येतं, पण त्यात मी नसते. त्यात शुभा असते, पंचवीस वर्षांची वहिवाट असलेली, आईच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असलेली. ते घर तिचं आहे. हे मी याआधी कधी लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर वाटलं तितकं दुखलं नाही. आणि डोंबिवलीला मी इतकी वर्षं 'इकडे' म्हणत आलेय. इकडे म्हणजे कुठे? जिथे माझं काहीही चुकलं तरी, कोणाचं तरी बघून केलं होतं, असं सांगता येतं, तिथे. दुसऱ्याच्या पाठीमागे चालत राहिलं तर गाव बदलतं, घर होत नाही. निघून आलेल्यांनी हे पटवून घ्यावं असा माझा आग्रह नाही. मला त्या संध्याकाळी पटलं.

सकाळी साडेसहाला मी शुभाला उठवलं. "साडी नेस. आठला टेम्पो येतो."

"मी नाही म्हटलं ना ताई?"

"तुझं नाव घ्यायचंय. तू समोर नसताना घेतलं तर ते पण मी आजीसारखंच कोणीतरी बनवलंय असं वाटेल."

ती उठून बसली आणि म्हणाली, "हिरवी नेसू की जांभळी?"

टेम्पोत मी मीनलच्या शेजारी बसले आणि पत्रीपूल यायच्या आत सांगून टाकलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मीनलचं तोंड उघडं ते उघडंच. "बाई गं! अगं, वर्षभर मी माईकवर आजी आजी करतेय! शहाडला तर मी अख्ख्या हॉलला तुझ्या आजीला नमस्कार करायला लावला!" मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मीनल नाही हसली. "मला सांगायचंस तरी. मी गाते गं तुझ्या भरवशावर." ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मग ती शुभाकडे वळून म्हणाली, "वहिनी, तुम्ही काल गप्प बसलात. मी असते तर तिथेच झिंज्या उपटल्या असत्या." शुभा म्हणाली, "नणंद उंच आहे. हात पुरत नाही." तेव्हा कुठे टेम्पो हसला.

"ते काही असो," मीनल म्हणाली, "आज हे गाणं मी नाही सुरू करणार. तू केलंस, तू निस्तर."

कोपरीच्या हॉलमध्ये शे-दीडशे बायका होत्या. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, आणि मीनलने माईक माझ्या हातात देऊन मला पुढे ढकललं. मागच्या रांगेतून पुढची रांग जेवढी दिसते त्यापेक्षा बरीच लांब निघाली. शुभाने केला होता तसा मी पदर नीट केला. मी म्हटलं, "हे गाणं आमच्या आजीचं आहे असं आम्ही वर्षभर सांगत आलो. ते खोटं होतं, आणि ते मी सांगितलं होतं. पहिली चार कडवी माझ्या भावाच्या बायकोने, शुभाने केली आहेत. ती तिकडे तिसऱ्या रांगेत बसली आहे, जांभळ्या साडीत. पाचवं कडवं माझं आहे."

टाळ्या आल्या नाहीत. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, एक जण "काय म्हणाल्या?" असं मोठ्याने विचारत होती, आणि शुभाने तोंडावर पदर घेतला होता. मीनलने मागून कुजबुजत म्हटलं, "अगं, सूर धर." मी धरला. पहिली चार कडवी बाकीच्या दहाजणींनी सांभाळून घेतली. पाचव्याला त्या थांबल्या, कारण ते मी एकटीने म्हणायचं असं टेम्पोत ठरलं होतं. पहिल्या ओळीत माझा आवाज फाटला. दुसरी ओळ मी त्याच फाटलेल्या आवाजात म्हटली, पूर्ण.